दबलेला मज्जातंतु

रात्रीं दोन-अडीचच्या सुमारास घरांतील एखादी बाई दचकून उठते. उजवा हात जड झालेला असतो. अंगठा आणि त्याच्या शेजारचीं दोन बोटें यांना मुंग्या आलेल्या असतात. अंथरुणावर बसून ती हात झटकते, थर्मामीटर झटकावा तसा, आणि पांच मिनिटांनीं पुन्हां आडवी होते. सकाळीं कोणाला सांगावें, तर “हात अंगाखालीं आला असेल,” असें उत्तर मिळतें. असे महिने जातात. पुढें सुईंत दोरा ओवेनासा होतो, पोलक्याचें बटण लागत नाहीं, चहाचा कप हातून निसटतो. शेवटीं अंगठ्याच्या मुळाशीं असलेला मांसल उंचवटा बसूं लागतो, आणि मग कोठें डॉक्टरांकडे जाण्याची भाषा निघते. हा उंचवटा एकदां पुरता बसला, कीं शस्त्रक्रियेनें मुंग्या थांबल्या तरी तो पूर्ववत् भरून येईलच अशी हमी देतां येत नाहीं. श्रोतेहो, आज हा विषय मीं निवडला तो यासाठींच.

या दुखण्याचें मूळ मनगटांत आहे. तेथें आठ लहान हाडें पन्हळीसारखीं बसलेलीं आहेत, आणि त्या पन्हळीवर एक चिवट पट्टा ताणून बसविलेला आहे. या बोगद्यांतून बोटें मिटणाऱ्या नऊ कंडरा जातात, आणि त्यांच्याच दाटींतून मीडियन नांवाचा एक मज्जातंतु. कंडरा कठीण, मज्जातंतु मऊ. जागा अपुरी पडली म्हणजे सोसावें लागतें मऊ असेल त्याला. झोपेंत मनगट दुमडून राहतें, आंतील दाब वाढतो, म्हणून रात्र वाईट जाते. मधुमेह, थायरॉईडची मंदता, संधिवात, गरोदरपण यांत हा त्रास अधिक आढळतो. करंगळीचा मज्जातंतु या बोगद्यांतून जात नसल्यामुळें ती मात्र शाबूत असते. डॉक्टरांनीं “कोणत्या बोटांना मुंग्या येतात?” असें खोदून विचारलें, तर रागावूं नये, अर्धें निदान त्या उत्तरांत आहे.

मनगटाजवळचें हाड मोडल्यावर हा मज्जातंतु दबतो, हें लंडनचे सर्जन जेम्स पॅजेट यांनीं १८५४ सालींच नमूद केलें होतें. पुढें १९५६ सालीं जॉन सिम्प्सन यांनीं विजेच्या परीक्षेनें त्याचा पुरावा दाखविला. मज्जातंतूला सौम्य धक्का द्यावयाचा आणि संदेश पलीकडे पोंचण्यास किती वेळ लागला तें मोजावयाचें, अशी ही परीक्षा. आजहि तिचें महत्त्व कमी झालेलें नाहीं. परंतु दोन खांबांच्या दरम्यान प्रवाह अडतो एवढेंच सांगणाऱ्या तारवाल्यासारखी तिची स्थिति आहे. तारेवर झाडाची फांदी पडली आहे, कीं तारच कुजली आहे, हें कोणीतरी जाऊन डोळ्यांनीं पाहिल्याशिवाय कळत नाहीं. तें पहाण्याचें काम सोनोग्राफी करते.

सोनोग्राफी म्हटली, कीं आपल्याला पोटांतील मूल किंवा मूत्रपिंडांतील खडा आठवतो. तत्त्व एकच. आपल्या कानांना ऐकूं न येणारा ध्वनि शरीरांत सोडावयाचा आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनींवरून चित्र उभें करावयाचें. मांसांतून ध्वनि सेकंदाला सुमारें १५४० मीटर जातो. पोट पहाण्यासाठीं सेकंदास तीस ते पन्नास लाख कंपनांचा ध्वनि वापरतात. मज्जातंतूसाठीं सव्वा ते पावणेदोन कोटींचा, किंवा त्याहूनहि उंच. दीड कोटी कंपनांच्या ध्वनीची लहर जेमतेम एकदशांश मिलिमीटर लांब असते, म्हणून बारीक तपशील उमटतो. असा ध्वनि फार खोल जात नाहीं, हें खरें. पण मनगटांतील मज्जातंतु कातडीखालीं एक सेंटिमीटरहि खोल नाहीं. निसर्गानें येथें आपली सोयच केली आहे.

आडव्या छेदांत निरोगी मज्जातंतु मधाच्या पोळ्याच्या तुकड्यासारखा दिसतो : काळे ठिपके आणि त्यांभोवतीं पांढऱ्या भिंती. शेजारच्या कंडराहि फारशा वेगळ्या दिसत नाहींत, नवखा मनुष्य फसतो. अशा वेळीं प्रोब किंचित् कलता करावा. कंडरा चटकन् काळवंडतात, मज्जातंतु फारसा बदलत नाहीं. रुग्णास बोटें मिटावयास सांगितलीं, कीं कंडरा सरसर धांवतात, मज्जातंतु जागच्या जागीं थोडासाच हालतो. ऑस्ट्रियांतील इन्सब्रुक येथील बुखबेर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९१ च्या सुमारास दबलेल्या मज्जातंतूचें वर्णन केलें. बोगद्याच्या आंत तो चपटा होतो आणि तोंडाशीं फुगतो. बागेंतील रबरी नळीवर पाय पडला म्हणजे नळाकडील बाजू फुगते, तसाच कांहींसा प्रकार. हा फुगवटा मोजतात. मनगटापाशीं छेदाचें क्षेत्रफळ साधारणपणें नऊ-दहा चौरस मिलिमीटरपर्यंत असावें. त्याहून बरेंच अधिक भरलें, तर संशय बळावतो. अमेरिकेंतील या विषयाच्या तज्ज्ञांच्या संस्थेनें २०१२ सालीं पुरावा तपासून ही मोजणी भरवशाची ठरविली.

माझ्या मतें मोजणीपेक्षांहि मोठा लाभ वेगळाच आहे. बोगद्यांत एखादी पाण्याची गांठ आहे काय, कंडरांचें आवरण सुजलें आहे काय, मज्जातंतु जन्मतःच दुभंगलेला आहे काय, त्याच्या सोबतीनें एखादी जादा रोहिणी जाते काय, हें पट्टा कापण्यापूर्वीं सर्जनला कळतें. मात्र जुनी परीक्षा आतां निकालांत निघाली असें म्हणणारे उतावळे आहेत. चित्र निर्दोष असून दुखणें खरें असूं शकतें. मधुमेहानें सर्वच मज्जातंतु दुबळे केले असतील तर विजेच्या परीक्षेवांचून गत्यंतर नाहीं. आणि रुग्णाचा हात हातांत न घेतांच सोनोग्राफीची चिठ्ठी लिहिणें मला पसंत नाहीं. यंत्र आतां खिशांत मावेल एवढें झालें आहे; पण महाराष्ट्रानें १९८८ सालीं आणि केंद्र सरकारनें १९९४ सालीं गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदे केल्यापासून यंत्रांवर निर्बंध आहेत. ते जाचक वाटले तरी योग्यच आहेत.

लवकर ध्यानांत आलें, तर पुष्कळदां रात्रीं मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधून भागतें. कधीं प्रोबच्या नजरेखालीं एक इंजेक्शन, तर कधीं लहानशी शस्त्रक्रिया.

करंगळीला मुंग्या येत असतील, तर कोपराकडे वळावें लागतें. कोपर आपटलें म्हणजे झिणझिण्या येतात त्या अल्नर मज्जातंतूच्या. तोहि तेथील खांचेंत दबतो आणि खांचेपाशीं फुगतो. परंतु जगांत दरवर्षीं आढळणाऱ्या नव्या कुष्ठरुग्णांपैकीं निम्म्याहून अधिक भारतांतील असतात, आणि कुष्ठरोगाची आवड नेमकी याच मज्जातंतूवर आहे. त्यांत जाडी खांचेपाशीं न थांबतां दंडाकडे कित्येक सेंटिमीटर वर चढत जाते. प्रोब वर सरकविला नाहीं, तर ती दिसत नाहीं, आणि दाब समजून कोपराची शस्त्रक्रिया होते. जाडी वर चढलेली दिसली, कीं प्रोब खालीं ठेवावा, खिडकी उघडावी, आणि रुग्णाच्या अंगावर कोठें फिकट, बधिर चट्टा आहे कीं काय, तें चांगल्या उजेडांत पहावें.