अंगणातलं जुनं इंजिन: ठेवायचं, की द्यायचं?

गोंदिया जिल्ह्यातल्या रस्त्यांवर एक काळ काळी-पिवळीचा होता. आमगाव-सालेकसा असो, की देवरी-चिचगड, महिंद्राची कमांडर नाहीतर बजाज टेम्पोची ट्रॅक्स माणसांनी गच्च भरून निघायची. पुढे परवाने संपले, पत्रा गंजला, सांगाडे भंगारात गेले. इंजिन मात्र पुष्कळांनी उतरवून ठेवलं. "इंजिन ठणठणीत आहे, कधीतरी कामास येईल," एवढ्या एका वाक्यावर ते गोठ्याच्या पडवीत, राईस मिलच्या मागच्या शेडमध्ये, नाहीतर मोहाच्या झाडाखाली वर्षानुवर्षं बसून आहे. धानाची पोती वाहणाऱ्या टाटा ४०७ च्या इंजिनांचीही तीच गत.

हे "कधीतरी" फार महाग पडतं. पडून राहिलेलं इंजिन दर पावसाळ्यात थोडं थोडं मरतं. त्यामुळे त्याचं काय करायचं हे रोवणीच्या आधी, कोरड्या दिवसांतच ठरवावं. आणि ठरवताना सगळ्यांच्या मनात जो पहिला विचार येतो, म्हणजे बोडीवर पंपाला जोडायचा, तो आधी नीट तपासून पाहावा.

तो विचार येण्याला कारण आहे. धानाच्या या मुलखात डिझेल इंजिनावर माणसांचा जीव आहे. पावसाने दडी मारली, पऱ्हे पिवळे पडायला लागले, की बोडीतलं नाहीतर माजी मालगुजारी तलावातलं पाणी बांधीत चढवायला इंजिनच धावून यायचं. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली पुण्यात सुरू झाली आणि तिचं ५ एचपीचं, मिनिटाला १५०० फेऱ्यांचं इंजिन गावोगावी पोहोचलं. त्याच्या जोडीला राजकोटच्या कारखान्यांतून येणारं लिस्टर ढंगाचं संथ इंजिन होतं, मिनिटाला ६५० फेरे घेणारं, जड चाकाचं. लोडशेडिंगच्या वर्षांत या इंजिनांनी उन्हाळी धान वाचवला. हा विश्वास आपण गाडीच्या इंजिनावरही टाकतो, आणि तिथे हिशेब चुकतो.

दोन्ही इंजिनं डिझेलचीच. दोन्हीत ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा सतराव्या-विसाव्या हिश्शापर्यंत दाबली जाते, त्या दाबाने ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि तिच्यात नोझलमधून उडालेलं डिझेल आपोआप पेट घेतं. पण शेतातलं इंजिन एकाच वेगाने, जवळजवळ पूर्ण भाराखाली तासन्‌तास चालण्यासाठी बनवलेलं असतं. गाडीचं इंजिन चढ, उतार, गिअर आणि ड्रायव्हरच्या पायाच्या हिशेबाने बनवलेलं असतं.

आकडे मांडून पाहू. ५ एचपी म्हणजे साधारण ३.७ किलोवॅट. एवढ्या पंपाला शेतीचं इंजिन तासाला एक लिटरच्या थोडं वर डिझेल घेतं. त्याच पंपाला पन्नास-साठ एचपीचं जीपचं इंजिन लावलं, तर आधी त्याला स्वतःचेच चार पिस्टन, कॅमशाफ्ट, वॉटर पंप आणि पंखा फिरवायचा असतो. पाणी तेवढंच पडतं, पण डिझेल दीडपट ते दुपटीच्या घरात जातं. दिवसाला सहा तास चालवलं, तर नव्वदीच्या आसपासच्या भावाने रोजचे तीनशे ते सहाशे रुपये जादा गेले. उन्हाळी धानाला महिनाभर असं पाणी द्या आणि बेरीज करा. नुकसान इंजिनाचंही होतं. हलक्या भारावर ते पुरेसं तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं, नोझलच्या टोकाला काजळी धरते, सायलेन्सरमधून काळा चिकट ओघळ येऊ लागतो आणि लायनरला गुळगुळीत झिलई चढून रिंगा तेल धरेनाशा होतात.

शिवाय आता पंपासाठी दुसऱ्या वाटा आहेत. मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत २०२४ पासून ७.५ एचपीपर्यंतच्या कृषिपंपांचं वीजबिल माफ आहे. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के वाटा भरावा लागतो. ज्या बांधीपर्यंत तार पोहोचलेली नाही तिथेही जीपचं इंजिन हे उत्तर नव्हे.

जनरेटरचं प्रकरण आणखी नाजूक. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून चार पोलचा अल्टरनेटर मिनिटाला बरोबर १५०० फेऱ्यांवर फिरायला हवा. गाडीच्या डिझेल पंपातला गव्हर्नर बहुधा दोनच टोकं सांभाळतो: रेस सोडल्यावर इंजिन बंद पडू नये आणि पूर्ण रेसवर ते हाताबाहेर जाऊ नये. मधला सगळा वेग ड्रायव्हरच्या पायावर. घरातली मोटार सुरू झाली, की फेरे पडतात. बंद झाली, की चढतात. त्या चढ-उतारात फ्रिज आणि टीव्ही जातात. पंपवाल्याकडून गव्हर्नर बदलून घेता येतो, पण तो खर्च धरला तर सौदा उरत नाही. विकण्यासाठी जनरेटर जोडायचा विचार तर सोडूनच द्यावा. १ जुलै २०२३ पासून नव्या जनरेटर संचांना प्रदूषणाचे कडक निकष लागू आहेत आणि जुनं इंजिन त्यांच्या जवळपासही जात नाही.

शेतीच्या कामांत एकच काम गाडीच्या इंजिनाच्या ताकदीला शोभतं, ते म्हणजे धानाचं चुरणं. मळणी यंत्राला पस्तीस-चाळीस एचपी सहज लागतात. पण इथेही नुसती पुली ठोकून चालत नाही. पट्ट्याची ओढ आडवी असते. ती थेट क्रँकवर आली तर मागची बेअरिंग खाते. त्यामुळे क्लच ठेवून पुढे वेगळ्या बेअरिंगवर शाफ्ट घ्यावा लागतो. गाडी धावताना रेडिएटरला मिळणारा वारा उभ्या इंजिनाला मिळत नाही, म्हणून मोठा रेडिएटर आणि नीट बसवलेला पंखा हवा. आणि पट्ट्यावर जाळी हवीच. मळणी यंत्रांत हात गेलेल्या माणसांमुळेच १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा केंद्रीय कायदा आला. तो मुख्यतः याच यंत्रांसाठी आहे. चुरणं चालू असताना लुगड्याचा पदर, शेला, लहान मुलं सगळी आजूबाजूला असतात. उघड्या पट्ट्याचं घरगुती मळणी यंत्र मी कोणालाही सुचवणार नाही.

मग इंजिनाचं खरं घर कोणतं? त्याच जातीची दुसरी गाडी. ती शोधण्याआधी इंजिन कोणत्या घराण्याचं आहे आणि कोणत्या अवस्थेत आहे ते कळायला हवं.

घराणं आकड्यांत लपलेलं असतं. टाटा ४०७ मधल्या ४९७ इंजिनाचा अर्थ चार सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोर. जुन्या टाटा ट्रकांतलं ६९७ म्हणजे सहा सिलिंडर, बोर तोच. महिंद्रा जीपचं २५२३ सीसीचं डीआय इंजिन घ्या. बोर ८८.९ आणि स्ट्रोक १०१.६ मिलिमीटर, म्हणजे नेमके साडेतीन आणि चार इंच. हे इंजिन इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टर इंजिनांच्या वंशातलं. साठच्या दशकात महिंद्राने इंटरनॅशनलचे बी-२७५ ट्रॅक्टर इथे बनवायला घेतले आणि तीच परंपरा जीपमध्ये आली. दुसऱ्या काही जीपमध्ये प्युजोचं २११२ सीसीचं इंजिन होतं, तर ट्रॅक्समध्ये मर्सिडीजच्या परवान्यावरचं ओएम ६१६. यांतल्या कोणत्याही दोहोंचे सुटे भाग एकमेकांना चालत नाहीत, म्हणून विकायला काढण्याआधी ब्लॉकवर ठोकलेला नंबर वायर ब्रशने घासून स्वच्छ वाचावा.

अवस्था तपासायला अर्धा दिवस आणि एक चांगला मिस्त्री पुरतो. आधी ऑइलची पट्टी ओढून बघायची. ऑइल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय: गॅस्केट गेलं असेल, नाहीतर हेडला किंवा ब्लॉकला तडा. मग चारही नोझल काढायचे, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ ऑइल सोडायचं आणि रात्रभर थांबायचं. हे न करता स्टार्टर मारणं किंवा ट्रॅक्टरने ओढणं म्हणजे गंजलेल्या रिंगांनी लायनर खरवडून काढणं. सकाळी क्रँकच्या पुढच्या नटला पाना लावून हाताने फिरवायचं. दोन फेरे सहज आणि सारखे फिरले तर जीव आहे. एका ठरावीक जागी अडत असेल तर जोर करायचा नाही, हेड उघडायचं. हेड उघडल्यावर लायनरच्या वरच्या काठाला नख लावून पाहायचं. नख पायरीवर अडलं, की झीज झालीच. शेवटी चेंबर काढून एक बिग-एंड बेअरिंग उघडायची. राखाडी थर शाबूत असेल तर ठीक, तांबूस दिसायला लागलं तर क्रँक लेथवाल्याकडे जाणार.

यावरून मिस्त्री सांगेल: नुसत्या रिंगा आणि हेडचं काम, हाफ इंजिन, की फुल इंजिन. फुल इंजिनाचा खर्च करून ते परत शेडमध्ये ठेवायचं असेल, तर एक रुपयाही घालू नये. सुट्या भागांत मात्र त्याची किंमत वेगळी असते. तडा नसलेलं हेड, मूळ मापातला क्रँक, चालू डिझेल पंप, फ्लायव्हील हाऊसिंग हे भाग जुन्या गाडीवाल्यांना नवे मिळेनासे झालेत. गोंदियातल्या नाहीतर नागपूरच्या मिस्त्रीकडे विचारून ठेवलं, तर एकेक भाग योग्य माणसाकडे जातो. जुनी गाडी त्यावर आणखी काही वर्षं धावते.

पूर्ण इंजिन दुसऱ्या गाडीत चढणार असेल, तर कागद आधी. आरसी बुकावर इंजिन नंबर असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलण्याआधी नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी घ्यायची असते, आणि ती न घेता बदललं गेलं तर चौदा दिवसांत कळवावं लागतं. आपल्याकडे एमएच-३५ च्या गाड्यांसाठी ते काम गोंदियाच्या परिवहन कार्यालयात होतं. ज्या गाडीतून इंजिन उतरवलं ती कायमची मोडीत निघाली असेल, तर कलम ५५ प्रमाणे तीही नोंद करायची. हे राहून गेलेली घरं पुष्कळ आहेत. उद्या तेच इंजिन बालाघाटला किंवा राजनांदगावला कोणाच्या गाडीत सापडलं आणि ती गाडी कशात गुंतली, तर नंबरावरून चौकशी तुमच्या दारात येते.

भाग कामाचे नसतील आणि ब्लॉकला तडा असेल, तरी भंगाराआधी जवळच्या शासकीय आयटीआयला विचारावं. डिझेल मेकॅनिकच्या मुलांना उघडायला, जोडायला, लायनरची झीज मायक्रोमीटरने मोजायला इंजिनं हवीच असतात, आणि तडा कसा दिसतो हे शिकायला तडा गेलेला ब्लॉकच लागतो. शेतकऱ्याच्या पोराने पुढे गावात गॅरेज टाकलं, तर त्याचा हात अशाच इंजिनांवर बसलेला असतो. मला स्वतःला हा पर्याय सगळ्यांत आवडतो.

भंगारात द्यायचं ठरलं, तर अखंड देऊ नये. चार सिलिंडरचं बिडाचं इंजिन दोनशे किलोच्या आसपास भरतं. सगळं बिडाच्या भावाने गेलं, की अल्टरनेटर-स्टार्टरमधलं तांबं, पिस्टनचं अल्युमिनियम आणि रेडिएटरचं पितळ-तांबं फुकट जातं. ते वेगळं काढून वेगळं वजन करून घ्यावं. चेंबरमधलं काळं ऑइल आधी डब्यात उतरवावं. २०१६ च्या नियमांप्रमाणे ते घातक कचऱ्यात मोडतं आणि अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं. बांधाच्या कडेला ओतलेलं ऑइल पहिल्या पावसात बोडीत उतरतं आणि पाण्यावर तवंग धरतं.

आणि कोणी गिऱ्हाईक ठरलं असून तो दिवाळीनंतरच नेणार असेल, तर चार महिन्यांसाठी एवढं करावं: पाणी पूर्ण काढायचं, सिलिंडरमध्ये ऑइल सोडून क्रँक दोनदा फिरवायचा, नोझल परत बसवायचे, इनलेट आणि एक्झॉस्टची तोंडं फळी-रबराने घट्ट बंद करायची, डिझेल पंप कोरडा न ठेवता स्वच्छ डिझेलने भरायचा, आणि इंजिन मातीवर न ठेवता लाकडी ठोकळ्यांवर, छपराखाली ठेवायचं. महिन्यातून एकदा पाना लावून थोडं फिरवायचं. नेणाऱ्याकडून पावती घेताना तिच्यावर इंजिन नंबर, तारीख, दोघांच्या सह्या आणि आधी कोणत्या गाडीत होतं तो क्रमांक लिहून घ्यायचा, आणि आरसीच्या झेरॉक्ससोबत ती कपाटात ठेवायची.