विसराळू सर्व्हर तुम्हाला ओळखतो कसा?

ऑनलाइन दुकानात एक पुस्तक कार्टमध्ये टाकलं, मग आणखी दहा पानं चाळली, तरी पुस्तक कार्टमध्ये जागच्या जागी. यात नवल ते काय? नवल हे, की ब्राउझर आणि सर्व्हर ज्या एचटीटीपीच्या नियमांनी बोलतात, त्यांत आठवणीला जागाच नाही. विनंती आली, उत्तर दिलं, विषय संपला. पुढच्या क्लिकला तुम्ही पुन्हा अनोळखीच!

टिम बर्नर्स-ली यांनी सर्नमध्ये वेब घडवलं ते कागदपत्रं वाचता यावीत म्हणून. तिथे वाचणारा कोण, हे लक्षात ठेवायची गरज नव्हती. या विसरण्याचा फायदाही मोठा: कुठलीही विनंती कुठल्याही सर्व्हरने हाताळावी, एक बंद पडला तर दुसऱ्याने.

पण दुकान विसरून कसं चालेल? १९९४ मध्ये नेटस्केपच्या एका ग्राहक कंपनीला ऑनलाइन दुकान हवं होतं, मात्र अर्धवट राहिलेले व्यवहार स्वतःच्या सर्व्हरवर साठवायचे नव्हते. नेटस्केपच्या लू माँटुली यांनी तोडगा काढला. सर्व्हरने उत्तरासोबत छोटासा मजकूर द्यायचा, ब्राउझरने तो जपायचा आणि पुढच्या प्रत्येक विनंतीसोबत परत पाठवायचा. हीच कुकी.

आज बहुतेक ठिकाणी कार्ट सर्व्हरच्या बाजूलाच असते, बऱ्याचदा रेडिससारख्या वेगवान साठ्यात. कुकीत असतो फक्त सेशनचा, म्हणजे तुमच्या त्या भेटीचा क्रमांक, देवळाबाहेर चपला ठेवल्यावर मिळणाऱ्या बिल्ल्यासारखा. फरक एवढाच, की हा क्रमांक कुणाला अंदाजाने सांगता येऊ नये. १२८ बिटांचा यादृच्छिक क्रमांक घेतला, तर शक्यतांची संख्या ३९ अंकी होते!

मात्र बिल्ला ज्याच्या हाती, तोच मालक. २०१० मध्ये फायरशीप या फायरफॉक्सच्या एक्स्टेन्शनने दाखवून दिलं, की खुल्या वायफायवर शेजाऱ्याची कुकी उचलून त्याच्या खात्यात सहज शिरता येतं. म्हणूनच आता सगळा संवाद एचटीटीपीएसच्या कुलपात हवा, आणि पानावरच्या जावास्क्रिप्टला ही कुकी वाचता येऊ नये.

आणि म्हणूनच परक्या संगणकावर काम उरकलं, की नुसती खिडकी बंद करू नका, लॉगआउट करा. नीट बांधलेला सर्व्हर त्याच क्षणी स्वतःकडची नोंद पुसतो. मग तो क्रमांक कुणाच्याही हाती पडो, त्याने कुठलंच दार उघडत नाही.