वाचविणाऱ्याचाच बळी जाऊ नये म्हणून...

कल्याणमधील एका विहिरीत १ नोव्हेंबर २०१८ रोजी सफाईसाठी उतरलेला माणूस वर आलाच नाही. त्याला शोधायला आणखी दोघे उतरले. तेही परतले नाहीत. त्यानंतर आत गेलेल्या अग्निशमन दलाच्या दोन जवानांनाही प्राण गमवावे लागले. मृत्यू पाच; त्यांपैकी चौघे दुसऱ्याला वाचविण्यासाठी उतरलेले.

हा केवळ दुर्दैवी योगायोग नव्हता. विहीर, गटार, मलटाकी अशा बंदिस्त जागांतील मृतांमध्ये ६० टक्क्यांहून अधिक जण मदतीला धावलेले असतात, असा इशारा अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९८६ मध्येच दिला होता. आगीशी झुंजण्याचे धाडस येथे पुरेसे नसते. त्यासाठी वेगळे तंत्र आणि ते अंगवळणी पाडणारे प्रत्यक्ष प्रशिक्षण लागते.

न दिसणारा शत्रू

हवेत साधारण २०.९ टक्के प्राणवायू असतो. हे प्रमाण १९.५ टक्क्यांखाली गेल्यास ती जागा धोकादायक मानली जाते. कुजणाऱ्या घाणीतून निघणारा हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो. सुरुवातीला त्याला सडक्या अंड्यांसारखा वास येतो. मात्र प्रमाण वाढले की घ्राणशक्तीच बधिर होते. वास थांबला म्हणजे धोका टळला, हा समज म्हणूनच जीवघेणा ठरतो.

त्यामुळे प्रशिक्षणातला पहिला धडा उतरण्याचा नसून थांबण्याचा असतो. वायुमापक यंत्र दोरीने आत सोडून वर, मध्ये आणि तळाशी अशा तिन्ही पातळ्यांवर हवा तपासायची. आधी प्राणवायू, मग ज्वालाग्राही वायू आणि शेवटी विषारी वायू, हा क्रम चुकवायचा नाही. त्यानंतर पंख्याने बाहेरची ताजी हवा आत सोडायची. शुद्ध प्राणवायू मात्र सोडायचा नाही. त्याने आगीचा भडका उडू शकतो.

हातांना लागणारी सवय

जवान भाषेत ज्याला ‘बी.ए. सेट’ म्हणतात, त्या श्वसनसंचाच्या सिलिंडरमध्ये प्राणवायू नव्हे, तर दाबाखाली भरलेली साधी हवा असते. ती साधारणपणे अर्धा तास पुरते. धावपळीत त्याहूनही लवकर संपते. हवा संपत आल्याची शिटी वाजण्याआधी परतीचा हिशेब करणे पुस्तकातून शिकता येत नाही. डोळ्यांवर पट्टी बांधून अरुंद नळीतून सरपटल्यावर आपला श्वास किती वेगाने चालतो, हे जवानाला प्रथमच कळते.

विहिरीच्या तोंडावर तिपाई उभी करणे, अंगभर पट्ट्यांचा हार्नेस चढविणे, माणसाच्या वजनाचा पुतळा कप्प्यांच्या साह्याने वर ओढणे, यांचाही सराव पुन:पुन्हा करावा लागतो. तीनास एक या कप्पीरचनेत लागणारे बळ साधारण एकतृतीयांश होते. पण माणूस एक मीटर वर येण्यासाठी तीन मीटर दोर ओढावा लागतो. एवढा दोर ओढायला जागा कुठे, हे आधीच ठरवावे लागते.

सर्वांत अवघड काम बाहेर उभ्या असलेल्या जवानाचे. आतल्या सहकाऱ्याच्या दोराला बांधलेला दोर त्याच्या हाती असतो. सहकारी कोसळला तरी त्याने स्वतः उडी घ्यायची नाही, दोर ओढायचा. मनाला न पटणारी ही शिस्त सरावानेच येते.

नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात १९५० च्या दशकापासून या क्षेत्रातील मनुष्यबळ घडविले जात आहे. तथापि तंत्र विसरायला फार काळ लागत नाही. एकदा मिळालेल्या प्रमाणपत्रापेक्षा केंद्रावरील नियमित सराव आणि चालू स्थितीतील साधने अधिक मोलाची.

नागरिकांसाठीही एक धडा आहे. कुणी विहिरीत किंवा टाकीत बेशुद्ध पडल्याचे दिसले, तर मागोमाग उतरू नये. १०१ क्रमांकावर कळवावे, आत विषारी वायू असण्याची शक्यता स्पष्ट सांगावी आणि इतरांनाही रोखावे. त्या क्षणी मागे खेचलेला एक हातही कुणाचा तरी जीव वाचवितो.