गाऊन विकलेली बातमी: एदोचे कावाराबान आणि कावासाकीची वाट

कावाराबान म्हणजे लाकडी ठशावरून घाईघाईने छापलेला आणि रस्त्यावर उभे राहून विकलेला बातमीचा कागद. जपानमध्ये सतराव्या शतकाच्या आरंभापासून मेइजी काळाच्या सुरुवातीपर्यंत त्याचे राज्य होते. आग, भूकंप, सूड, प्रेमी जोडप्याची आत्महत्या, कुठे दिसलेला विचित्र प्राणी, दारात आलेले परदेशी जहाज असे त्याचे विषय. उपलब्ध कागदांपैकी सर्वांत जुने समजले जाणारे 1615 च्या ओसाका वेढ्याचे आहेत. त्या काळी लोक या मालाला आणि तो विकणाऱ्यालाही योमिउरी म्हणत, म्हणजे वाचून विकणारा. कावाराबान हे नाव बरेच उशिरा रूढ झाले.

हे कागद मुख्यतः एदो, क्योतो, ओसाका या शहरांत निघत, पण ते तिथेच राहत नसत. एदो म्हणजे आजचे तोक्यो. तिथून क्योतोकडे जाणाऱ्या तोकाइदो मार्गावर शिनागावानंतरचा दुसरा मुक्काम कावासाकी. तो 1623 मध्ये अधिकृतपणे वसवला गेला. एदोच्या निहोनबाशी पुलापासून तो साडेचार री, म्हणजे जेमतेम अठरा किलोमीटरवर होता. वाटेत आडवी येणारी रोकुगो नदी, आजची तामा, होडीनेच ओलांडावी लागे, कारण तिच्यावरचा पूल 1688 च्या पुरात वाहून गेला आणि मेइजी काळापर्यंत पुन्हा बांधला गेला नाही. नावेचे उत्पन्न 1709 मध्ये कावासाकी मुक्कामाला मिळवून दिले ते तिथले कारभारी तानाका क्यूगु यांनी. त्यातून मुक्कामाची आर्थिक घडी बसली. चित्रकार हिरोशिगेच्या तोकाइदो चित्रमालिकेत कावासाकी म्हणून दिसते तेही हेच नावेचे दृश्य. काठावरच्या मान्नेनया या खाणावळीतला चहात शिजवलेला भात प्रसिद्ध होता. हेइकेनजी, म्हणजे कावासाकी दाइशी या मंदिराच्या वारीला एदोकरांची रीघ लागे. 1813 मध्ये खुद्द शोगुन, म्हणजे देशाचा लष्करी शासक, इएनारी दर्शनाला आल्यावर तर मंदिराचे माहात्म्य आणखी वाढले. एदोहून गावी परतणारा माणूस रंगीत चित्रे भेट म्हणून नेई, तसाच बातमीचा कागदही घडी घालून नेई. आगीनंतर जळालेल्या वस्त्यांचा नकाशा छापून निघे. तो पत्रासोबत पाठवला की आपले घर वाचले की नाही, हे गावाकडच्यांना नेमके कळे. सरकारी टपाल सरकारी कामाचे. सामान्य माणसाला बातमी पुरवली ती या बेकायदा कागदाने.

बेकायदा हा शब्द इथे अगदी शब्दशः घ्यायचा. पुस्तकांना आणि चित्रांना परवानगी लागे, चित्रांवर तपासणीची मोहोर असे. कावाराबानवर प्रकाशकाचे नाव नाही, चित्रकाराचे नाही, मोहोर तर नाहीच. विकणारे बहुधा जोडीने फिरत. विणलेली खोल टोपी नाकापर्यंत ओढलेली, एका हातात कागदांची चळत, दुसऱ्या हातात ओळींवरून फिरवायची बारीक काठी. एकाने तालात मजकूर म्हणायचा, दुसऱ्याने शिपाई येतो का ते पाहायचे. पुढेपुढे जोडीला शामिसेन हे तंतुवाद्यही आले. गोष्ट रंगात आली की वाचन थांबे. पुढचे हवे असेल तर कागद विकत घ्या. साधा कागद चार मोन नाण्यांच्या आसपास मिळे, आणि सोबा शेवयांचा वाडगा सोळा मोनला. गरिबाला परवडेल असेच हे दुकान होते.

याच सुमारास इंग्लंडमध्येही असाच धंदा चालला होता. लंडनच्या रस्त्यावर एक पेनीला छापील पोवाडे विकले जात, वर खडबडीत ठशाचे चित्र आणि कोणत्या चालीवर म्हणायचे त्याची सूचना. सॅम्युअल पेप्स याने जमवलेले असे अठराशेंवर कागद केंब्रिजला आहेत. फाशी जाणाऱ्याची कहाणी तिकडेही हमखास खपे. महाराष्ट्रात मात्र शाहिराचा पोवाडा तोंडोतोंडीच चालत राहिला. अॅकवर्थ आणि शाळिग्राम यांनी ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह छापला तो 1891 मध्ये. छापखाना आमच्याकडे आला त्याच्या कितीतरी आधी शाहिरी होती. जपानमध्ये गाणे आणि ठसा बरोबरीने वाढले.

तोकाइदोवर शिनागावा आणि कावासाकी यांच्या मध्ये सुझुगामोरी ही देहदंडाची जागा होती. ओशिचि नावाच्या भाजीवाल्याच्या पोरीला आग लावल्याबद्दल 1683 मध्ये इथेच जाळण्यात आले, असे परंपरा सांगते. प्रियकराला पुन्हा भेटावे म्हणून तिने हे केले, अशी कथा पसरली. तिची गाणी झाली, लेखक सायकाकूने 1686 मध्ये तिच्यावर कथा लिहिली. शोगुनशाहीने 1684 मध्येच रस्त्यावरची गाणी, अफवा आणि नवलाच्या बातम्या छापून विकण्यास बंदी घातली होती. 1722 मध्ये प्रकाशनाचे नियम आणखी कडक झाले. धंदा थांबला नाही. अधिकाऱ्यांची रीत ठरलेली होती: भुताखेतांच्या आणि आगीच्या बातम्यांकडे कानाडोळा, कारभारावर बोट ठेवले की पकडापकडी. प्रेमकथांची लांबलचक गाणी, ज्यांना कुदोकी म्हणत, छोट्या पुस्तिकांतून खपली. ‘सुझुकी मोंदो’ ही एका सामुराईची आणि गणिकेची कहाणी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पुस्तिकेतून बाहेर पडून गावोगावच्या बोन या पितरांच्या सणातल्या नृत्यात शिरली.

पण या कागदांचा खरा सुकाळ 1853 ते 1855 या तीन वर्षांतला. 8 जुलै 1853 रोजी अमेरिकन कमोडोर पेरी याची चार काळी जहाजे उरागापाशी उभी राहिली आणि कागदांचा पूर आला. जहाजाची लांबी, तोफा, खलाशी यांचे आकडे दर कागदात वेगळे. पेरीचा चेहरा कधी माणसाचा, कधी लांब नाकाच्या तेंगु भुताचा. किनाऱ्याच्या कोणत्या भागाचा बंदोबस्त कोणत्या सरदाराकडे, याचे नकाशे चिन्हांसकट विकले गेले. लष्करी माहिती अशी चव्हाट्यावर येणे सरकारला खपणारे नव्हते, तरी खपली. पुढल्या वर्षी, 31 मार्च 1854 रोजी, कावासाकीच्या पुढचा मुक्काम असलेल्या कानागावाजवळ अमेरिकेशी करार झाला. अमेरिकनांसमोर तांदळाची पोती उचलून नेणारे सुमो पैलवान तेव्हा कागदांवर आले. त्यांतला अभिमान सरकारी कागदपत्रांत सापडत नाही.

11 नोव्हेंबर 1855 च्या रात्री एदोला भूकंपाने हादरवले. हजारो माणसे मेली, आणि पाठोपाठ नामाझु-ए, म्हणजे नामाझु माशाची चित्रे, निघू लागली. पृथ्वीच्या पोटात नामाझु हा प्रचंड मासा असतो आणि काशिमाचा देव त्याला दगडाखाली दाबून ठेवतो, ही जुनी समजूत. भूकंप झाला तो जुन्या पंचांगाचा दहावा महिना, ज्यात सारे देव इझुमोला जातात. देव घरी नव्हता, माशाने डाव साधला! एका कागदात मासा देवासमोर नाक घासतो. दुसऱ्यात सुतार, गवंडी, कौले घालणारे त्याला मेजवानी देतात, कारण पडलेल्या घरांमुळे त्यांचे रोज वाढले होते. श्रीमंत मात्र तोंडातून नाणी ओकताना दिसतात. दोनशेंहून अधिक प्रकार आज माहीत आहेत. सुमारे दोन महिन्यांत सरकारने ठसे नष्ट करवले. भूकंपाच्या बातमीवर सरकारचा राग नव्हता. गरिबांचे नशीब उघडले म्हणून हसणाऱ्या चित्रांवर होता.

1872 मध्ये तोक्यो निचिनिचि हे दैनिक निघाले, आणि त्याच वर्षी योकोहामाच्या रेल्वेवर कावासाकीचे स्टेशन सुरू झाले. रोकुगोवरच्या नव्या रेल्वेपुलावरून गाडी धावू लागली, नावेची वाट संपत आली. वृत्तपत्राच्या बातम्यांवरून रंगीत चित्रे काढण्याची लाट 1874 पासून काही वर्षे चालली, मग वृत्तपत्रांनी तीही गिळली.

कावासाकी स्टेशनजवळ 2019 मध्ये शहराने उकियो-ए चित्रांचे दालन उघडले, ते माजी खासदार साइतो फुमिओ यांच्या संग्रहावर उभे आहे. तिथे रंगीत चित्रांचा मान मोठा. काळ्या शाईतले कावाराबान पाहायचे तर तोक्यो विद्यापीठातला ओनो हिदेओ यांचा संग्रह गाठावा. तो संगणकावर घरबसल्याही पाहता येतो.