लॉस्ट कोस्ट ट्रेल: हिवाळ्यात कॅलिफोर्नियाचा हा किनारा चालायचा, तर आधी भरती-ओहोटी का बघावी लागते?

सह्याद्रीत भटकणाऱ्यांसाठी हिवाळा म्हणजे ट्रेकचा हंगाम. पाऊस संपलेला, हवा कोरडी, वाटा मोकळ्या. याच हिशेबाने कॅलिफोर्नियात राहणारे मराठी ट्रेकर जानेवारी-फेब्रुवारीतल्या लाँग वीकेंडला पाठीवर सॅक टाकून 'लॉस्ट कोस्ट'वर जायचं ठरवू शकतात. पण तिथे हे गणित उलटं आहे. उत्तर कॅलिफोर्नियात उन्हाळा कोरडा असतो आणि पाऊस पडतो तो हिवाळ्यात.

हा किनारा 'हरवलेला' का?

कॅलिफोर्नियाचा प्रसिद्ध हायवे १ बराचसा समुद्राला लागून जातो. इथे मात्र तो किनारा सोडून आत वळतो, कारण रस्ता काढायला जागाच नाही. १,२४६ मीटर उंचीचं किंग पीक हे शिखर समुद्रापासून जेमतेम ५ किलोमीटरवर आहे. कळसूबाईपेक्षा ते फक्त ४०० मीटरने कमी, आणि पायथ्याशी थेट पॅसिफिक महासागर!

डोंगर इतके खडे असण्याचं कारण जमिनीखाली आहे. पॅसिफिक, उत्तर अमेरिकन आणि गोर्डा या तीन भूपट्टांच्या सीमा या भागात एकत्र येतात आणि किनारा हळूहळू वर उचलला जातो. कधी तो एका झटक्यातही वर येतो. एप्रिल १९९२ च्या केप मेंडोसिनो भूकंपात इथल्या किनाऱ्याचा काही भाग एक मीटरहून अधिक उचलला गेला होता.

अमेरिकी काँग्रेसने १९७० मध्ये या भागाला 'किंग रेंज नॅशनल कन्झर्व्हेशन एरिया' म्हणून संरक्षण दिलं. उत्तरेच्या मटोल बीचपासून दक्षिणेच्या ब्लॅक सँड्स बीचपर्यंतचा ट्रेक साधारण ४० किलोमीटरचा आहे आणि तो बहुतेक जण तीन दिवसांत करतात.

खरी अडचण कुठे आहे?

वाटेत साधारण साडेसहा किलोमीटरचे दोन पट्टे असे आहेत, जिथे एका बाजूला सरळ कडा आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. पहिला सी लायन गल्च ते रँडल क्रीक, दुसरा मिलर फ्लॅट ते गिचेल क्रीक. भरतीच्या वेळी लाटा थेट कड्याला भिडतात. मध्ये अडकलात, तर वर चढायला जागा मिळेलच असं नाही. पुंटा गोर्डा टोकाजवळचा छोटा भागही मोठ्या भरतीत अडतो.

नकाशावर साडेसहा किलोमीटर म्हणजे दीड तास वाटतो. प्रत्यक्षात पायाखाली सुटे गोल गोटे, शेवाळलेले खडक आणि रुतणारी वाळू असते. पाठीवर ओझं घेऊन ताशी दोन किलोमीटर झाले, तर सव्वातीन तास लागतील.

मग वेळ कशी ठरवायची?

ओहोटी चालू असतानाच पट्ट्यात शिरायचं, म्हणजे सर्वांत कमी पाण्याची वेळ वाटेच्या मध्यावर येते. समजा, दुपारी ३ ला पूर्ण ओहोटी आहे. तर दीडच्या आत निघून पावणेपाचपर्यंत बाहेर पडायला हवं. जानेवारीत सूर्य सव्वापाचच्या आसपास मावळतो. म्हणजे हाताशी उरला जेमतेम अर्धा तास.

हिवाळ्यातली पेचाची गोष्ट हीच आहे. इथे दिवसातल्या दोन भरत्या आणि दोन ओहोट्या सारख्या नसतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची मोठी ओहोटी हिवाळ्यात दुपारनंतर येते आणि दिवस तर लहान. शिवाय ही वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहायचं आणि त्यानुसार तारीख निवडायची. आधी सुट्टी ठरवून मग वेळापत्रक बघितलं, तर दोन्ही पट्टे उजेडात जमतीलच असं नाही.

वेळ जुळली की झालं?

नाही. वेळापत्रक चंद्र-सूर्याचा हिशेब सांगतं, वादळाचा नाही. दूरच्या वादळातून आलेल्या मोठ्या लाटा ओहोटीतही वाट बुडवू शकतात. त्यातला सर्वांत फसवा प्रकार म्हणजे 'स्नीकर वेव्ह'. बराच वेळ समुद्र शांत दिसतो आणि अचानक एक लाट नेहमीच्या रेषेच्या खूप वर येते. म्हणून इथे समुद्राकडे पाठ करायची नाही आणि वाहून आलेल्या ओंडक्यांवर बसायचं नाही. थोड्या पाण्यातही ओंडका हलतो आणि माणूस त्याखाली सापडू शकतो.

दुसरा धोका ओढ्यांचा. ट्रेलवर पूल नाहीत. एरवी घोट्याएवढं पाणी असलेला ओढा मुसळधार पावसानंतर ओलांडता येत नाही. पुढे ओढा आणि मागे भरती, अशी कोंडी झाली तर उंच, सुरक्षित जागी तंबू टाकून पाणी उतरण्याची वाट बघणं हाच उपाय. त्यासाठी एका दिवसाचं जास्तीचं जेवण सोबत हवं.

वाऱ्याचंही तसंच. वारा बहुधा वायव्येकडून असतो, म्हणून उत्तरेकडून दक्षिणेकडे चालतात. हिवाळी वादळात मात्र तो दक्षिणेकडून, थेट तोंडावर येतो.

जाण्यापूर्वी काय लागेल?

- मुक्कामासाठी परवाना. हिवाळ्यात दिवसाला मोजक्याच लोकांना तो मिळतो.
- अन्न ठेवायला बेअर कॅनिस्टर, म्हणजे अस्वलाला उघडता न येणारा डबा. हा सक्तीचा आहे.
- भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रक आणि नकाशा. मोबाइलला रेंज मिळेल असं धरून चालू नका. सॅटेलाइट मेसेंजर असेल तर उत्तम.
- दोन टोकांमध्ये शटलची सोय. घाटरस्त्याने यात सुमारे दोन तास जातात.

दोनच दिवस असतील तर?

मटोलहून पुंटा गोर्डाच्या जुन्या दीपगृहापर्यंत जाऊन परत यावं. एका बाजूचं अंतर साडेपाच किलोमीटरच्या आसपास आहे आणि दोन्ही लांब पट्टे त्याच्या पुढेच राहतात. १९१२ मध्ये सुरू झालेलं हे दीपगृह १९५१ मध्ये बंद झालं. आता त्याच्या आसपास एलिफंट सील पहुडलेले दिसतात. हिवाळा त्यांच्या विणीचा काळ असल्यामुळे लांबूनच बघावं.

निघायच्या दिवशी मोठ्या लाटांचा किंवा जोरदार पावसाचा इशारा असेल, तर परवाना हातात असला तरी ट्रेक पुढे ढकलावा. परवाना पुन्हा काढता येतो.