सेल्फ, बत्ती आणि अर्थ

जुन्या टाटा ट्रकला सुरू व्हायला, म्हणजे सेल्फ फिरवायला, वीज लागते, चालायला लागत नाही. एकदा इंजिन फिरलं की डिझेल पंप इंजिनाच्याच जोरावर चालतो, आणि गाडी बंद करायची तर केबिनमधली दांडी ओढायची. नागपुरात ट्रकमालक स्वतःच्या हाताने वायरिंग करत आले त्याचं मूळ इथे आहे. बॅटरी उतरली तरी गाडी ओढून सुरू व्हायची आणि दिवसाउजेडी अमरावती रोडवरच्या वाडीपर्यंत पोहोचायची. चुकलं तरी फार बिघडत नव्हतं, म्हणून माणसं हात घालायला धजली.

टाटांच्या टेल्कोने १९५४ मध्ये मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले. तो करार १९६९ मध्ये संपला. त्या काळच्या गाड्यांत डायनामो असायचा. इंजिन हळू फिरत असलं की तो चार्जिंग करत नसे, त्यामुळे रात्री नाक्यावरच्या रांगेत बत्त्या लावून उभं राहिलं की बॅटरी बसत जायची. कटआऊटचे पॉइंट पॉलिशपेपरने घासणं आणि झिजलेले कार्बन बदलणं ही कामं ड्रायव्हरच करायचा. वाराणसी-कन्याकुमारी आणि हाजिरा-कोलकाता हे दोन्ही महामार्ग, म्हणजे जुने ७ आणि ६, नागपूरजवळ आताचे ४४ आणि ५३, नागपुरात एकमेकांना छेदतात. देशभरच्या गाड्या इथून जात, तेव्हा त्यांचे बिघाडही इथेच पाहायला मिळत. वाडी आणि भंडारा रोडवरचं कापसी इथल्या उस्तादांचं शिक्षण त्यातूनच झालं.

मग अल्टरनेटर आला आणि चार्जिंगची कटकट बरीच मिटली. शिस्त मात्र वाढली. चालू इंजिनात बॅटरीची वायर काढली किंवा टर्मिनल उलटे लावले की आतले डायोड जळतात. चेसिसला वेल्डिंग करण्याआधी बॅटरी सोडवायची, हा नियम कित्येकांनी पैसे मोजून शिकून घेतला. चोवीस व्होल्टच्या गाडीत इंजिन बंद असताना मीटर पंचवीसच्या आसपास आणि चालू असताना अठ्ठावीसच्या आसपास दिसला, तर अल्टरनेटरवर शंका घ्यायचं कारण नाही.

या सगळ्या काळात एक गोष्ट मात्र बदलली नाही. मागची बत्ती मंद, ब्रेक दाबला की इंडिकेटर अर्धवट पेटतो, असा ट्रक आला की नवखा माणूस आधी बल्ब बदलतो, मग स्विच. उस्ताद खाली वाकून म्हणतो, "भाऊ, आधी अर्थ पाहून घे, बल्ब मंग बदलजो." करंट बत्तीपर्यंत व्यवस्थित जातो, परतीची वाट चेसिसवरून आहे आणि ती गंजलेल्या बोल्टपाशी अडते. मग करंट शेजारच्या बत्तीतून वाट काढतो आणि नको ती बत्ती पेटते. बत्ती लावून मीटरचं एक टोक बत्तीच्या बॉडीला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला धरायचं. आकडा शून्याजवळ हवा. दोन व्होल्ट दिसले तर दोष सापडला. बोल्ट काढायचा, पत्रा चकाकेपर्यंत घासायचा, नवं थिंबल पक्कं दाबून बसवायचं आणि वरून ग्रीस लावायचं. उमरेडच्या कोळशाची धूळ किंवा जूनचा पहिला पाऊस या जोडांची पहिली परीक्षा घेतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला गेला की जुन्या वायरचं आवरण कडक होऊन तडकतं. तिथे टेप गुंडाळत बसू नये, तेवढी वायरच बदलावी.

एका सवयीवर मात्र माझा राग आहे: उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळणं. त्यानंतर जळतं ते वायरिंग, आणि केबिन पेटायला फार वेळ लागत नाही. फ्यूज उडाला की कुठेतरी शॉर्ट आहे असं समजून तो शोधावा. हेडलाइट जास्त वॅटचे लावायचे असतील तर जाड वायर आणि रिले हवाच.

२०१७ मध्ये देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आल्यावर चित्र पालटलं. आता डिझेल किती सोडायचं ते ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो. चार्जिंग बिघडून व्होल्टेज घसरलं की गाडी रस्त्यातच थांबू शकते, आणि दोष शोधायला स्कॅनर लागतो. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. विदर्भातल्या उन्हात ही फार दिवसांची गरज होती, पण वायरिंगवरचा भार त्याने वाढलाच. जुन्या गाड्या काढण्याचं स्क्रॅपेज धोरण नागपूरचेच खासदार नितीन गडकरी केंद्रात मंत्री असताना, ऑगस्ट २०२१ मध्ये आलं. धूर ओकणारा ट्रक जायलाच हवा, याबद्दल माझं दुमत नाही.

पण स्कॅनरवर सेन्सरचा कोड दिसला म्हणून नवा सेन्सर बसवला आणि दोष तसाच राहिला, असं बीएस-६ मध्येही घडतं. खाली पाहावं तर अर्थचा बोल्ट सैल असतो. म्हणून आयटीआयत डिझेल मेकॅनिक होणाऱ्या मुलांच्या हातात लॅपटॉप देण्याआधी एक जुना ट्रक, टेस्ट लॅम्प आणि मीटर द्यावा. आणि कंपन्यांनी वायरिंगचे नकाशे मराठीत छापून मालकालाही द्यावेत, नुसते अधिकृत वर्कशॉपला नाही.