नोटरी केलं म्हणजे रजिस्टर झालं? दुकान भाड्याने घेण्याआधी हे वाचा

मागच्या बॅचमध्ये एका ताईंनी विचारलं, "सर, नोटरीचं लायसन काढून साईड बिझनेस करता येईल का? व्हिडिओत बघितलंय, छोटा कोर्स करायचा की झालं." त्यांनी बघितलेला व्हिडिओ अमेरिकेतला होता. तिकडे बऱ्याच राज्यांत वकील नसलेला माणूसही नोटरी होतो. आपल्याकडे 1952 चा नोटरी कायदा आणि 1956 चे नियम आहेत. साधारणपणे वकिलीची किमान 10 वर्षं लागतात. महिला, एससी, एसटी आणि ओबीसी वकिलांना 7 वर्षं पुरतात. अर्ज केंद्र किंवा राज्य सरकारकडे करायचा, आणि मिळालेलं सर्टिफिकेट 5 वर्षांचं असतं, पुढे रिन्यू करावं लागतं. म्हणजे माझ्यासारख्या बीबीएवाल्याने तो नाद सोडावा. पण धंदा करणाऱ्याला नोटरीचं काम काय हे कळलंच पाहिजे, कारण मी त्यात चांगलाच आपटलोय.

माझं पहिलं दुकान. मालक म्हणाले, "अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट करू, नोटरी करू, विषय संपला." मीही खूश, खर्च वाचला. सात महिन्यांनी लोनसाठी बँकेत गेलो. साहेबांनी कागद उलटसुलट बघितला आणि म्हणाले, "हे नोटराइज्ड आहे. रजिस्टर्ड आणा." मालकांकडे गेलो तर ते टाळायला लागले. लोन अडकलं, आणि दिवाळीचा माल उधारीवर महाग दराने भरावा लागला.

चूक त्या नोटरी वकिलांची नव्हती. त्यांनी त्यांचं काम केलं होतं. नोटरी काय करतो? तुम्ही कोण आहात ते बघतो, तुम्ही त्याच्यासमोर सही केली याची नोंद रजिस्टरमध्ये करतो, शिक्का मारतो. ॲफिडेव्हिटसाठी शपथ देतो, ट्रू कॉपी प्रमाणित करतो. पण दस्त रजिस्टर करणं त्याच्या हातात नाही, ते सब-रजिस्ट्रार ऑफिसचं काम. आणि स्टॅम्प ड्युटी कमी भरली असेल तर नोटरीच्या शिक्क्याने ती भरून निघत नाही.

आता अकरा महिन्यांची भानगड. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा रजिस्टर करावा लागतो, म्हणून लोक अकरा महिने लिहितात. पण महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55 आहे. भाड्याचं किंवा लीव्ह अँड लायसन्सचं ॲग्रीमेंट लेखी आणि रजिस्टर्डच हवं, मुदत कितीही असो, घर असो की दुकान. जबाबदारी मालकाची. नाही केलं तर मालकाला 3 महिन्यांपर्यंत कैद, किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय अटींवरून वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. मालकाला हे शांतपणे सांगा, बहुतेक जण लगेच तयार होतात.

खर्चही बघा. लीव्ह अँड लायसन्सची स्टॅम्प ड्युटी 0.25 टक्के. महिना 12,000 भाडं, 24 महिने, म्हणजे 2,88,000. डिपॉझिट 50,000 असेल तर त्यावर वर्षाला 10 टक्क्यांनी व्याज धरून 10,000 मिळवा. 2,98,000 चे 0.25 टक्के म्हणजे 745 रुपये. रजिस्ट्रेशन फी शहरात 1,000, ग्रामीण भागात 500. एजंटचे पैसे वेगळे, ते आधीच ठरवून घ्या.

पार्टनरशिपचंही तसंच. डीड नोटरी केलं म्हणजे फर्म रजिस्टर झाली असं नाही. रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे नोंदणी नसेल तर करारातले पैसे बुडवणाऱ्या गिऱ्हाइकावर फर्मच्या नावाने दावा लावता येत नाही (1932 चा कायदा, कलम 69).

नोटरीकडे जाताना सही घरून करून नेऊ नका, त्याच्यासमोरच करा, रजिस्टरमध्येही करा. कागदावर कोरी जागा सोडू नका. फीचा बोर्ड लावणं नियमानेच बंधनकारक आहे, तो बघूनच पैसे द्या.

दुसऱ्या दुकानाच्या वेळी मालक काका पुन्हा तेच म्हणाले, "नोटरी करू की, उगाच खर्च कशाला?" मी म्हटलं, "काका, खर्च माझा, तुम्ही फक्त आधार कार्ड काढून ठेवा." एजंट मशीन घेऊन दुकानातच आला, अंगठे लावले, चहा झाला. पुढच्या महिन्यात तोच कागद मी बँकेत दिला.